धाऊच्या कड्यावरचं निशाण

कर्जत,
चैत्र शुद्ध षष्ठी

प्रिय जगदीशदादा,

तुझ्या मावसभावाचा, साईनाथचा, वाकून नमस्कार. (वाकताना गुडघा वाजतो. तो आवाज तुझ्या शिळफाट्यापर्यंत आला असेल तर तोही नमस्कारातच धर.) इकडे सगळं ठीक. ललिता ठीक आहे, दुकान ठीक आहे, ऊन तापायला लागल्यापासून कर्जतचे झाडून सगळे पंखे एकदम आजारी पडलेत आणि मिक्सर त्यांच्या सोबतीला आहेत. तू कसा आहेस? वहिनींची पाठ? मावशीची साखर? आणि पाय कसा आहे? पायाचं शेवटी विचारलं, कारण त्या पायाची चौकशी करायचा मला किती हक्क आहे हे गेल्या नऊ वर्षांत मला ठरवता आलेलं नाही.

तुझ्या घरून माझ्या घरी यायला टमटमने अर्धा-पाऊण तास लागतो, तरी मी पोस्टाचं पाकीट आणलं. तुझ्या मोबाइलवर माझा नंबर लागत नाही. एकदा ललिताच्या मोबाइलवरून लावला, तर पहिल्याच रिंगला ‘बोल गं ललिता’ असा इतका प्रेमळ आवाज आला की मीच कट केला. तुझा राग रास्त आहे. मोहोळाच्या कड्यावर तू वर होतास, तुझा दोर खाली माझ्या हातात होता, आणि मी मान वळवून चहा कोणाकोणाला हवा ते विचारत होतो. तेवढ्यात तू सुटलास. दोर हातातून सरसर गेला आणि मी तो आवळेपर्यंत तुझा घोटा दगडावर आपटला होता. त्यानंतर तू कड्याकडे आला नाहीस आणि मी चहा सोडला. (दोन वर्षांनी परत धरला. हेही लिहून टाकतो, त्यागाचं श्रेय उगाच नको.)

पण पत्राचं कारण वेगळं आहे. आपला धाऊ गेला. पौषात गेला. तुझ्या कानावर आलं असेल, आणि आलं असेल तर चुकीचंच आलं असेल. सगळ्यांना वाटतं तो कड्यावरून पडला. चाळीस वर्षं जो माणूस अनवाणी चढून आग्यामोहोळाचा मध काढत होता, ज्याने तुला-मला दगडावर पाय कसा ठेवायचा ते शिकवलं, तो दुसरा कशाने जाणार? तर दादा, धाऊ न्हाणीघरात पडला. त्याचं घरकुल मंजूर झालं होतं. वाडीतलं नवं पक्कं घर, न्हाणीला चकचकीत पांढऱ्या फरशा. त्याच्या पोराने, जैतूने, त्या हौसेने निवडल्या होत्या. धाऊला आवडल्या नव्हत्या. म्हणायचा, या दगडाशी पाय बोलत नाय. एका सकाळी अंघोळ करून वळला, घसरला आणि डोकं उंबऱ्यावर आपटलं. तीन दिवस दवाखान्यात होता. शुद्धीवर आलाच नाही.

हे मला दिवसातून दोनदा सांगावं लागतं. दुकानात पंखा घेऊन आलेला माणूस हळूच विचारतो, ‘तो तुमचा कड्यावाला पडला म्हणे?’ मी न्हाणीघर सांगितलं की त्याचा चेहरा उतरतो. धाऊ गेल्याचं दुःख नसतं ते. ऐकायला मिळणार होती ती गोष्ट हातची गेली याचं असतं. मुंबईच्या क्लबने (शनिवार-रविवार रंगीत कपडे घालून कड्याखाली जमतात ती मंडळी) मोबाइलवर श्रद्धांजली टाकली, ‘ज्या कड्यावर प्रेम केलं त्याच्याच कुशीत विसावले.’ सोबत फोटो कुठल्यातरी बर्फाच्या डोंगराचा. मी खाली लिहिलं, ‘न्हाणीघरात पडला.’ त्यांनी काढून टाकलं. मी परत लिहिलं, त्यांनी परत काढलं. तिसऱ्यांदा क्लबच्या किरणचा फोन आला. तसा चांगला माणूस आहे, बँकेत आहे, हात मजबूत आहेत. तो म्हणाला, असं लिहिलंत की लोकांना वाईट वाटतं. मी म्हटलं, मलाही वाटतं.

तू सोडल्यापासून कड्याखालचं जग बरंच बदललं आहे, ते थोडं सांगतो. आता प्रत्येक चढाला आकडा असतो आणि इंग्रजी नाव असतं. कोण कुठल्या आकड्यापर्यंत पोचला यावरून बसायच्या जागा ठरतात. दगडात बोल्ट मारावेत की मारू नयेत यावरून दोन गट आहेत आणि एका गटातला माणूस दुसऱ्या गटाच्या डब्यातलं थालीपीठ खात नाही. (आमच्या घरात दोन भावांनी बांधावरून वीस वर्षं अबोला धरला होता, तेव्हा हीच मंडळी मला म्हणाली होती की गावाकडची माणसं किती कोती असतात.) धाऊ हे सगळं बिडी ओढत ऐकायचा. त्याचे आकडे चारच होते, तुला आठवत असतील. शेळीचा चढ, माकडाचा चढ, पालीचा चढ आणि देवाचा चढ. देवाच्या चढाला आपण जायचं नाही, तो त्याचा त्याला राहू द्यायचा. क्लबमधल्या एकाने विचारलं की देवाचा चढ साधारण कितव्या आकड्याचा धरायचा. धाऊने बराच विचार केला आणि त्याला सांगितलं, तू आदी शेळीचा कर.

त्याच्या देवाबद्दलही मला हल्ली सारखं आठवतं. कड्याच्या पायथ्याशी तो शेंदूर लावलेला दगड आहे ना, तिथे तो चिमूटभर तांदूळ आणि एक बिडी ठेवल्याशिवाय हात वर टाकायचा नाही. मी एकदा शहाणपणाने विचारलं होतं की धाऊ, हा देव तुला पडताना सावरणार का? तो म्हणाला, ‘देव नाय रं सावरीत. आपला पाय सावरतो. देवाला निस्तं सांगायचं, का मी वर चाललोय. कुनाला तरी ठावं पायजे.’ मी हसलो होतो. मी तेव्हा गळ्यात मावशीने दिलेला ताईत, कमरेला परदेशी पट्टा आणि खिशात पंचांगाचं पान घेऊन चढत होतो, ते मात्र त्याने कधी बोलून दाखवलं नाही.

आता मूळ गोष्ट. दर चैत्री पौर्णिमेच्या आत धाऊ कड्यावरच्या वरच्या कपारीत देवाचं निशाण बदलायचा. लाल कापड, कळकाची काठी. त्याच्या आधी त्याचा बाप बदलायचा. निशाण लागलं नाही तर माश्या कडा सोडतात आणि वाडीला वर्ष वाईट जातं, असं वाडीत मानतात. यंदा निशाण लावायला कुणी नाही. वाडीतले तरणे लोक कळंबच्या रिसॉर्टांत कामाला जातात. जैतूही तिथेच आहे. आणि काम काय, तर रिसॉर्टने लाकडी फळ्यांची एक भिंत उभी केली आहे, तिच्यावर रंगीबेरंगी प्लास्टिकचे दगड ठोकलेत, आणि जैतू डोक्याला शिरस्त्राण घालून पाहुण्यांना त्यावर चढवतो. पाहुणे हातभर वर गेले की ‘व्हेरी गुड सर’ म्हणायचं. मी पाहायला गेलो होतो. तो मला बघून ओशाळला आणि मी त्याला व्हेरी गुड म्हणालो. म्हणायला नको होतं.

जैतू निशाण लावायला तयार होता. पण ठमीवहिनीने (धाऊची बायको, आपल्याला नाचणीची भाकरी घालायची ती) त्याला शपथ घातली आहे की कड्याला हात लावायचा नाही. मी म्हटलं, वहिनी, धाऊ कड्याने नाही गेला. ती म्हणाली, फरशीला शपथ कशी घालू? मग तिने मडक्यांच्या उतरंडीमागून घडी केलेलं लाल कापड काढलं आणि माझ्या हातात दिलं. ‘जैतू नाय चढायचा. तू चढ.’ म्हणजे माझा जीव त्यामानाने खर्चायला बरा. मला राग आला नाही. उलट इतकं बरं वाटलं की मी तिथेच हो म्हणून बसलो आणि घरी येऊन ललिताला सांगायला दोन दिवस घेतले.

मग तयारी. ललिता म्हणाली, सत्तेचाळीस वय आहे, विमा तपासून जा. क्लबमध्ये मोठी सभा झाली. एक गट म्हणाला, कड्यावर कापड बांधणं म्हणजे कचरा करणं. दुसरा गट म्हणाला, ही स्थानिक संस्कृती आहे, आपण तिचा मान राखून तिचं शूटिंग करावं. वाडीतल्या दोन म्हाताऱ्यांचं म्हणणं असं की मी पडलो कुणबी, वाडीबाहेरचा, माझ्या हातचं निशाण देवाला चालेल का. त्यांनी देवाला कौल लावला. देव म्हणाला, चालेल. (दादा, माझ्या नावाला आजवर कुठल्याही सभेत इतक्या झटपट मंजुरी मिळालेली नाही.) शेवटी ठरलं की दोर किरणने धरायचा आणि शूटिंग करायचं नाही.

परवाच्या रविवारी सकाळी आम्ही निघालो. पायथ्याच्या दगडाशी मी तांदूळ ठेवले. बिडी आणायची राहिली होती, म्हणून किरणच्या पिशवीतली खजुराची वडी ठेवली. पहिला टप्पा शेळीचा, तो मी शेळीसारखाच केला, म्हणजे मधे थांबून इकडेतिकडे बघत. दुसऱ्या टप्प्यात काठी पाठीला आडवी बांधलेली ती कड्याच्या भेगेत अडकली आणि मी काही काळ खुंटीवरच्या शर्टासारखा लटकत राहिलो. खालून किरण विचारतोय, काय झालं? मी म्हटलं, बघतोय. काय बघतोय ते त्याने विचारलं नाही, हे त्याचे उपकार. मग काठी सोडवली तर ती निसटली आणि खाली किरणच्या पायाशी जाऊन उभी रुतली. दोराने परत वर ओढून घेतली. अर्ध्यावर ती ओट्यासारखी जागा आहे ना, जिथे धाऊ आपल्याला बसवून दोन तास खाली उतरू देत नसे, तिथे पोचलो. तिथे दगडाला एक गुळगुळीत खळगा पडला आहे. धाऊच्या टाचेचा. मी माझी टाच ठेवून पाहिली. मोठी पडते. वर मधाची पोळी लोंबत होती, एका माशीने येऊन माझ्या नाकाची तपासणी केली आणि परत गेली. मग वर गेलो, निशाण बांधलं, उतरलो. त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही.

वाडीत आलो तर ठमीवहिनी अंगणात उभीच होती. कपाळावर हात आडवा धरून तिने कड्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, ‘दिसतंय. लाल दिसतंय.’ आणि आत जाऊन आम्हा दोघांना भाकरी वाढली. किरण तीन भाकऱ्या जेवला. मला अर्धी गेली.

तर अशी ही हकिकत. वहिनींना नमस्कार, मावशीला साष्टांग. पायाला जपावं. उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही.

तुझा,
साईनाथ

ता. क. माझा तो जुना निळा थैला तुझ्या माळ्यावर असेल तर फेकू नको. तसा काही उपयोगाचा नाही.

ता. क. २. वरचं सगळं एकदा वाचून पाहिलं. दादा, निशाण बांधलेलं नाही. त्या ओट्याच्या वर मी गेलोच नाही. टाच त्या खळग्यात ठेवली आणि पाय थरथरायला लागले ते थांबेनात. गुडघ्याचं काही नाही, गुडघा धड आहे. धाऊ गेल्यापासून मला उंचीची भीती बसली आहे. दुकानात स्टुलावर ललिता चढते, पंखा तीच उतरवते आणि मी खाली स्टूल धरून उभा राहतो. गिऱ्हाइकांना आम्ही सांगतो की तिला आवड आहे. रविवारी मी तासभर त्या ओट्यावर बसून होतो. मग किरणला हाक मारली आणि त्याने मला गोणीसारखं खाली घेतलं. मग तो नुसता दोर गुंडाळत राहिला. कापड माझ्या शर्टाच्या आत होतं. वाडीत भाकरी खाताना ते पोटाला लागत होतं. आत्ता इथे टेबलावर आहे.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार होतो, तेवढ्यात जैतूची बायको आरोही मिक्सर घेऊन दुकानात आली, म्हणून पुन्हा उघडून लिहितोय. ठमीवहिनीला दोन-तीन वर्षं धूसर दिसायचं ते मला माहीत होतं. म्हणूनच त्या दिवशी तिच्यासमोर अंगणात जाऊन उभा राहायची माझी हिंमत झाली. आरोही सांगत होती की फाल्गुनात मोतीबिंदूच्या शिबिरात सासूबाईंचे दोन्ही डोळे झाले. आता सुईत दोरा स्वतः ओवतात, आणि समोरच्या कड्यावर घार बसली तरी ती कुठे बसली ते सांगतात.

पौर्णिमेला नऊ दिवस आहेत. येत्या रविवारी सकाळी सातला मी वाडीच्या फाट्यावर उभा असेन. तुला चढायचं नाही, चालायचंही फारसं नाही, तिथवर टमटम जाते. दोर तू धर. किरण चांगला धरतो, पण मला वर जाताना खाली तू दिसायला हवास. माझ्यावर रागावलेलाच ये, तसाच चालेल.