वाढवलेली भट्टी

३ मार्च
लहान धंद्यांच्या वाढीचे सिद्धान्त मराठीत आणून झाले. पुस्तिका, सोबत प्रश्नावली. जिल्हा कचेरीला सहकारी संस्थांच्या पाहणीसाठी हवं होतं. बीडात मराठी शिकवणारी मी सापडले. धंद्याच्या पाच अवस्था: जन्म, तग, यश, झेप, परिपक्वता. लिहिताना डोळ्यांपुढे सारखी आत्याची खव्याची भट्टी. सुट्टीतल्या सकाळी. धूर, आटणारं दूध, कढईच्या कडेची खरवड. ती माझी.

११ मार्च
आष्टीकडे आत्याचं गाव. चारा छावणीच्या यादीत नाही. कचेरीत विचारलं. "मॅडम, तिथं तर धंदा वाढलाय." आत्याच्या महिला दूध संस्थेचा फॉर्म दाखवला. प्रश्न माझाच: व्यवसाय वाढवला का? उत्तर: होय, पोळ्यानंतर भट्टी वाढवली.

बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. दरवर्षी वर्गात सांगते हे. आणि तरी.

साहेब बरे. दुरुस्तीचा फॉर्म दिला. 'बंद' असं स्पष्ट लिहून अध्यक्षांची, म्हणजे आत्याचीच, सही. पंधरा तारखेला यादी कायम.

१३ मार्च
मांजरसुंब्याला बस बराच वेळ थांबली. पूर्वी याच थांब्यावर आत्या खव्याचा डबा मांडीवर घेऊन बसायची. मला हात लावू द्यायची नाही. झाकण कोमट असायचं, तेवढं आठवतं. म्हणजे लावला असणार.

भट्टी गार. आत पालापाचोळा. दावणीला दोन म्हशी, बरगड्या दिसतात.
आत्याला सगळं सांगितलं. हसून हसून ठसका लागला तिला. "आमी वाढवली म्हनलं, तर त्येंनी खरंच वाढवली! कॉलेजात ह्येच शिकिवतीस व्हय गं?"
फॉर्म पुढे केला.
"बंद न्हाई लिवायचं."
"लिहिलं नाही तर छावणी नाही, आत्या."
"आन् लिवलं तर? पुन्यांदा पेटवायची हाय मला. कावून बंद म्हनू?"
शेजारच्या रुक्मिणकाकू, संस्थेच्या सचिव, दारातूनच म्हणाल्या, "माज्या म्हशीला काय शब्द खाऊ घालू, अध्यक्षीनबाई?"
आत्या उठून म्हशींना पाणी दाखवायला गेली. अर्धी बादली, दोघींत.

पुस्तिकेतल्या आकृतीतले बाण सगळे पुढेच जातात. ही भट्टी माझ्यादेखत दोन दुष्काळांत विझली आणि गवत आल्यावर पेटली. पेटायची त्या दिवशी आत्या पहिला घाणा गावातल्या पोरांना वाटायची. आम्ही पळसाची पानं घेऊन रांगेत. या अवस्थेला पुस्तकात नाव नव्हतं. मीही शोधलं नाही.

१४ मार्च
सकाळी निघताना आत्यानं फॉर्म दिला. खाली सही, एकेक अक्षर सुटं. उत्तराची जागा कोरी.
"आत्या, इथं?"
"सही माजी हाय. तिथं काय लिवायचं त्ये तू बघ. शब्दांचा धंदा तुजा."
"मी 'बंद' लिहिलं तर?"
"मला वाचून दावू नको."
बस आली. आत्या थांबली नाही, वैरण बघायला गेली.

आता बीड. उद्या कचेरी उघडायच्या आत ठरवायचं. पेन काढलंय.