वर गेलेला हात

भाऊ,

काल तुह्या पोरीनं कॅनडातून मोबाइलवर एक जुना व्हिडिओ पाठवला. चाळीस वर्षांपूर्वीची तिथली पुरुषांची राष्ट्रीय कर्लिंग स्पर्धा. बर्फावरून जड दगड सरकून राह्यला आन् तू त्याच्यापुढं झाडू घासत पळून राह्यला. तेव्हा तू फोटो धाडला होता, तर मी साऱ्या नाचणगावात हसत सांगत फिरलो, "भाऊ परदेशात जाऊन झाडू मारून राह्यला!"

मंग पाह्यलं, तुहा झाडू दगडाले जरासा लागला, जे त्या खेळात चालत नाई. पंचाले दिसलं नाई, समोरच्या टीमले दिसलं नाई. मलेच तीनदा मागं नेऊन पाहा लागलं. पन तू तिथंच थांबला आन् सोताहून हात वर केला. दगड बाद झाला, तुमी मॅच हारले. काय मानूस हायेस बाप्पा तू!

आता आपल्या आर्वीच्या कबड्डी फायनलचं सांगतो. शेवटच्या चढाईत समोरच्या टीमच्या चढाई करनाऱ्या पोराचं बोट माह्या पाठीले लागलं होतं. पंचानं इचारलं, तर मी "नाई लागलं" म्हनलं. आपन जिंकलो. तू कप्तान होता. मले खांद्यावर घेऊन तू गावभर नाचला.

त्याच खांद्याचा हात काल वर जातानी पाह्यला.

पाकीट आनून ठेवलं हाये, पन तुहा पत्ता लिवायले माहा हात उठून नाई राह्यला.

तुहा लहाना भाऊ,
त्या दिवशी बाद असलेला,
देविदास