मेल्यानंतर द्यायची साक्ष

मी, लायमन हार्टसेल, राहणार हॅलर्ड्सव्हिल, विधुर, पूर्वी या राज्याचा महाधिवक्ता आणि आजमितीस फेडरल न्यायाधीश, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. हृदयाबद्दल डॉक्टरांनी जे सांगायचे ते सांगितले आहे. डोक्याबद्दल त्यांची तक्रार नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मनाचा आहे, पण तो कायद्यात धरत नाहीत. यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत मी फारच भला माणूस दिसत होतो.

कलम १. राहते घर, मागच्या पेकनच्या झाडासकट, माझी एकुलती एक मुलगी मारिएटा हिला मिळावे. पानगळीत शेजारचा ड्वेन कुरकुर करील, त्याच्याकडे लक्ष देऊ नये. वकील नेमायची ऐपत नसलेल्या आरोपींना सरकार जे वकील देते, त्यांपैकी ती एक आहे. मी न्यायाधीश झालो त्या दिवशी सगळे गाव टाळ्या वाजवत होते आणि ही म्हणाली, "डॅडी, तुम्ही आधीही सरकारच्याच बाजूला होतात. आता खुर्ची उंच झाली, एवढंच." त्यानंतर कित्येक थँक्सगिव्हिंगना ती घरी आली नाही. तिचे बरोबर होते, हे येथे लेखी देतो.

कलम २. मासेमारीची होडी विकून टाकावी. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होत नाही, हे घेणाऱ्याला आधी सांगावे.

कलम ३. न्यायासनावरचा काळा झगा चर्चच्या गायकांना द्यावा. त्यांच्यात कोणीतरी माझ्याएवढा जाडा असेलच.

कलम ४. बंदुका कोणालाही द्याव्यात, पण बक लँडरमला देऊ नयेत. बक आमच्या काउंटीचा सरकारी वकील होता आणि माझा शिकारीतला सोबती. मी महाधिवक्ता असताना, निवडणुकीच्या उन्हाळ्यात, नदीकाठी मासे तळण्याची जंगी पंगत होती. आमच्याकडे महाधिवक्ताही निवडून येतो आणि मते तशीच मागतात. माझ्या हातात कॅटफिशची बशी होती. बक जवळ आला आणि टेरेल गॅडिसच्या खटल्याबद्दल बोलू लागला. दुकानदाराच्या खुनात या टेरेलला जन्मठेप झाली होती. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. त्याचे अपील आले होते आणि त्याला विरोध करणे माझ्या कचेरीचे काम होते.

"अरे, ती पोरगी," बक हसत म्हणाला, "दुकानदाराची भाची. तिनं आधी भलत्याच माणसाच्या फोटोवर बोट ठेवलं होतं. मग शेरीफनं जरा समजावलं तिला."

"हे टेरेलच्या वकिलाला सांगितलंस?"

"वेडा आहेस का लायमन? घे, सॉस घे."

"मी काही ऐकलं नाही," मी म्हणालो आणि सॉस घेतला. आठवड्याभरात अपिलाला माझ्या नावाचे उत्तर कोर्टात गेले: साक्षीदाराने आरोपीला निःसंशय ओळखले. त्या मुलीशिवाय दुसरा पुरावा नव्हता. मी निवडणूक जिंकलो. बकवर माझा राग आहे, पण त्याने निदान तोंड तरी उघडले होते.

कलम ५. माझे तैलचित्र कोर्टात लावू नये. रिवाज आहे हे मला माहीत आहे, वर्गणी निघाली आहे हेही माहीत आहे. माझ्या नेमणुकीच्या वेळी वॉशिंग्टनमध्ये सेनेटच्या समितीने विचारले होते, पुढे लाज वाटावी असे मागे काही आहे का? मी म्हणालो, "नाही सर." मागच्या रांगेत माझी बायको इनेझ कौतुकाने हसत होती. तो चेहरा भिंतीवर नको.

आणि मिस वर्लीन. वर्लीन गॅडिस, टेरेलची आई. राज्यातल्या कोर्टांची सगळी दारे बंद झाल्यावर टेरेलचा अर्ज केंद्राच्या, म्हणजे फेडरल कोर्टात आला. अर्ज कोणत्या न्यायाधीशाकडे जायचा हे तिथे चिठ्ठी टाकून ठरते, आणि तो नेमका माझ्याकडे आला. तिने मला जिन्यात गाठले.

"जज साहेब, असं बोलायचं नसतं, ठाऊक आहे मला. पण तुमच्याकडे आलंय म्हटल्यावर काल रात्री मी झोपले. बास, एवढंच."

दुसऱ्या दिवशी मी त्या अर्जातून बाजूला झालो. पूर्वी सरकारचा वकील असल्यामुळे ते मला भागच होते. आमच्यात अशा वेळी एक ओळ लिहितात: मी या प्रकरणातून दूर होत आहे. कारण द्यावे लागत नाही, कोणी विचारतही नाही. कायद्याने मला बाजूला व्हायला सांगितले होते, गप्प बसायला नाही. मी त्या एका ओळीत लपलो. वर्तमानपत्राने माझा ताठ कणा वाखाणला. दुसऱ्या न्यायाधीशाने, त्याच्यासमोर जेवढे होते तेवढे पाहून, अर्ज फेटाळला. मिस वर्लीन पुन्हा भेटली तेव्हा म्हणाली, "तुम्ही सचोटीनं वागलात, जज साहेब." मी तिचे आभार मानले! टेरेलचे केस आता पिकले आहेत.

कलम ६. म्हणून माझ्या मृत्यूनंतर, कलम ४ मधील हकीकत ही माझी साक्ष समजून मारिएटाने ती टेरेलच्या वकिलाकडे द्यावी आणि मिस वर्लीनची माझ्या वतीने क्षमा मागावी.

इथवर लिहून मी मारिएटाला फोन केला आणि वाचून दाखवले.

"डॅडी, हा कागद मी कोर्टात नेला, तर समोरचा वकील काय म्हणेल?"

"ऐकीव आहे म्हणेल. सांगणारा मेलाय, उलटतपासणी कोणाची घ्यायची?"

"आणि जज?"

"जज तो बाजूला ठेवील."

"तुम्ही काय केलं असतंत?"

"मीही तेच केलं असतं. केलेलंही आहे."

"मग हे लिहिताना तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

ठाऊक होते. माझ्या अब्रूला धक्का लागू नये आणि मनालाही बरे वाटावे, असा कागद मी मोठ्या सफाईने तयार केला होता. आयुष्यभर तोच धंदा केला. टेरेलला त्याचा काडीचा उपयोग नव्हता, आणि मला माझी लाज वाटली.

कलम ६ रद्द. त्याऐवजी नोंद करतो की मी राजीनामा पाठवला आहे, टेरेलच्या वकिलाशी बोललो आहे आणि सोमवारी शपथेवर जबाब देणार आहे. हृदयाने तोवर दम धरावा.

आज दुपारी मी मिस वर्लीनकडे गेलो. तिने ओसरीवरच उभे ठेवले. मी सगळे सांगितले: पंगत, बक, सॉससुद्धा. तिने हातातले फडके घडी घालून कठड्यावर ठेवले.

"बकसाहेब म्हणतील, तुम्ही खोटं बोलताय."

"म्हणतील."

"मग टेरेल घरी येईल का?"

"ते जज ठरवतील, मिस वर्लीन."

"कोणते जज?"

"माहीत नाही. चिठ्ठी पडेल तो."

"मग तो तुमच्यासारखा नसू दे," ती म्हणाली आणि जाळीचे दार लावून आत गेली.

वरील मजकूर मी वाचला आहे, माझा आहे, मान्य आहे.

(सही) लायमन हार्टसेल

साक्षीदार, मृत्युपत्रातून ज्यांना काही मिळत नाही असे, ज्यांच्यासमोर ही सही झाली:
१. जूनेल टकर, कोर्टातील सचिव
२. हॉरिस पीबल्स, न्हावी

हॅलर्ड्सव्हिल, शनिवार, १९ ऑक्टोबर २०१९