प्रेताची उजवी बाजू

चैत्र शुद्ध ५, शके १८३४. पाटोदा.

चकलांब्याहून बैलगाडीने काल सुखरूप पोचलो. दवाखान्यात लेखनिकाची जागा मिळाली, मारुतीची कृपा. पन्नाशीला टेकल्यावर नवरा सरकारी नोकर झाला म्हणून भामाबाईने निघताना हातावर गूळ ठेवला. डॉक्टरसाहेब हैदराबादचे, फार सज्जन. मुडदा तपासून ते सांगतात, मी मोडीत लिहितो. त्यांना मोडी वाचता येत नाही, खाली सही तेवढी करतात. पहिलाच धडा त्यांनी दिला: देह उताणा असो, पालथा असो की कुशीवर, लिहिताना तो तळहात पुढे करून आपल्यासमोर उभा आहे असे धरायचे, आणि डावे-उजवे त्याचे, आपले नव्हे. मुडदे उचलणारा म्हाळू म्हणाला, "कारकूनबुवा, मेल्यावर तरी माणसाला सोताची उजवी बाजू ऱ्हाऊ द्या की." सगळे हसलो.

चैत्र वद्य २.

त्रिंबक नावाच्या मेंढपाळाचे प्रेत आले. मानेवर समोरून विळ्याचा एकच घाव. साहेब नुसते काठीने दाखवत गेले. मी पायांशी बसून 'मानेची डावी बाजू' असे लिहिले. संध्याकाळच्या आत दहनही झाले. घाव डावीकडे, म्हणून समोरून केलेला वार उजव्या हाताचा ठरला आणि त्रिंबकाचा भागीदार बिभीषण याला धरले. दोघांचे मेंढरांवरून भांडण होते म्हणतात.

वैशाख शुद्ध ९.

बिभीषणाची बायको साखराबाई आली. कागदात काय आहे ते वाचून दाखवा म्हणाली. मी नक्कल वाचली. म्हाळू झाडता झाडता थांबला. "न्हाई ओ, घाव उजवीकडं व्हता. म्याच धुतला की."

जन्मभर मारुतीला प्रदक्षिणा घातली. देव नेहमी माझ्या उजव्या हाताला. माझी उजवी तीच जगाची उजवी, असे अंगात मुरलेले. पायांशी बसून घाव माझ्या डाव्या हाताला दिसला, तेच लिहून गेलो. म्हणजे वार डाव्या हाताचा. साखराबाई सांगत होती, बिभीषणाचा डावा हात लहानपणापासून वाळलेला आहे, त्या हाताने तांब्याही उचलत नाही.

कागद बीडला गेला आहे. साहेबांची बदली झाली. प्रेताची राख झाली. नक्कल घडी करून दप्तरात ठेवली. उद्या दुरुस्तीचा अर्ज लिहीन.

वैशाख शुद्ध १०.

भर दुपारी अर्ज लिहायला बसलो. दारात त्रिंबक उभा. दोन्ही तळहात पुढे, देवापुढे रिकाम्या हातांनी उभे राहावे तसा. घाव त्याच्या उजवीकडे.

अर्ज राहिला.

वैशाख वद्य ४.

रोज दुपारी येतो. रोज एक पाऊल आत. रामरक्षेने हलत नाही. म्हाळूला दिसत नाही. अर्ज पाठवावा तर नोकरी जाईल, खोट्या कागदाची शिक्षाही— नाही पाठवला.

ज्येष्ठ शुद्ध १.

बिभीषणाने कोठडीत गळफास घेतला. मुडदा इथेच आणला. नवे साहेब सांगत गेले, मीच लिहिले. उताणा. डावा तळहात वळत नाही. साखराबाई दाराबाहेर बसून होती. एवढेच विचारले, आता तरी नीट लिहिलं का दादा.

ज्येष्ठ शुद्ध २.

आता दोघे. मध्ये एका माणसाची जागा सोडून—

म्हाळू आज म्हणाला, "कारकूनबुवा, असे तळहात पुढं करून कावून उभे हाव?"

मी तर बसलो होतो.

ज्येष्ठ शुद्ध ३.

तळहात मिटत नाहीत. मनगट उलटे करून लिहितो आहे. देवाचे नाव आठवत नाही— मानेवरून काही ओले उतरते आहे. बाजू लिहिली पाहिजे. या वेळी नीट. माझी उज—