दहा चाकांवर नजर

३ नोव्हेंबर, सोमवार
मोटरहोम तयार. जुनी मिनीबस घेतली तेव्हा हसणाऱ्यांनी आता येऊन बघावं. दोन बेड, गॅस, बेसिन. शहराबाहेर वाडीला गॅरेज असलेल्या रामाजी मिस्त्रीने काम झकास केलं. घरापर्यंत गाडीही त्यानेच चालवत आणली. मी बाजूला बसून इंजिनाचा आवाज ऐकला. कोणीतरी ऐकायला हवंच. ले-आउटमधल्या मोकळ्या प्लॉटवर, आमच्या गॅलरीसमोर उभी केली आहे.

१४ डिसेंबरला जबलपूरला मधुवंतीताईंची पंचाहत्तरी. चारुलताची मोठी बहीण. आई गेल्यावर हिला वाढवलं ते ताईंनीच. मोटरहोमने जाणार, मागे हिची छोटी कार हुकला बांधून, म्हणजे तिथल्या गल्ल्यांत फिरायला सोय. चारुलता म्हणाली, मग नुसती कारच नेऊ या की. तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण प्लॅनिंग हा विषय नव्हता.

६ नोव्हेंबर
फक्त एक गोष्ट बाकी: टायर प्रेशर मॉनिटर. बसची सहा चाकं, कारची चार. मागे दोन-दोन टायरची जोडी, त्यातला आतला बसला तर बाहेरून कळत नाही. ओढल्या जाणाऱ्या कारचा टायर पंक्चर झाला तर पुढच्या ड्रायव्हरला पत्ताच नाही. लोक असेच निघतात. आश्चर्य आहे.

खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनात चौतीस वर्षं काढली. प्रेशर म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये. (आस्थापना विभाग. पण खिडकीतून चिमणी दिसायची.)

रविवारपर्यंत ऑर्डर. नक्की.

१६ नोव्हेंबर, रविवार
ऑर्डर नाही, पण तक्ता झाला. अकरा मॉडेल, चौदा कॉलम. सेन्सर टायरच्या आत बसणारा की व्हॉल्व्हवर टोपणासारखा? मागच्या कारचा सिग्नल पुढे पोचवायला मधे बूस्टर हवा की नको? एक मॉडेल पसंत पडलं होतं, पण उन्हात स्क्रीन दिसत नाही असं कोणीतरी लिहिलंय. आम्ही सकाळीच निघणार, तरी सावध असावं.

चारुलताने विचारलं, एकदा वाडीपर्यंत तरी चालवून बघता का. मॉनिटरशिवाय? तिला तक्ता दाखवला. तिने चष्मा शोधायला जाते म्हणून सांगितलं आणि भाजी निवडत बसली.

२५ नोव्हेंबर
टोपणवाले घेतले. दहा सेन्सर मागवले, सहा आले. बाकीचे मागाहून. घाई केली असती तर फसलो असतो.

२ डिसेंबर
बसवले! आतल्या टायरपर्यंत हात पोचवताना कोपरापर्यंत काळा झालो आणि अडकलो. रामाजीने ओढून काढलं, मग त्यानेच बसवले. स्क्रीनवर दहा आकडे. दोन तास बसमध्ये बसून पाहत होतो. एकही हलला नाही. चारुलताने चहा तिथेच आणून दिला. म्हणाली, छान आहे. तिने ताईंसाठी पैठणी घेतलीय, तीही दाखवली. आकडे बघता बघता पाहिली.

५ डिसेंबर
अलार्म वाजला! मागचा डावा आतला आठ पीएसआयने खाली. कारचेही दोन. सिस्टिम आली नसती तर हे कळलंच नसतं.

रामाजीला बोलावलं. हा जुन्या वळणाचा. लोखंडी टॉमी टायरवर मारतो आणि आवाजावरून हवा सांगतो. त्याच्या अंदाजात आणि माझ्या स्क्रीनमध्ये दोनच पीएसआयचा फरक निघाला. पण फरक तो फरकच. मग व्हॉल्व्हला थुंकी लावून बुडबुडे दाखवत म्हणाला, "साहेब, टायर चांगले हायेत. तुमचं हे टोपणच हवा खाऊन राहिलं. काढा न गा."

काढून टाकलं तर हवा जाते हे कळणार कसं? तो टॉमी उचलून निघाला.

१० डिसेंबर
वाडीची ट्रायल पुढे ढकलली. स्क्रीनची बॅटरी तीस टक्के. शिवाय धुकं. शिवाय अमरावती रोडवर ट्रक फार.

रोज सकाळी हवा भरतो, संध्याकाळी उतरते. आता उतरण्याचा वेगही मला पाठ झालाय. याला म्हणतात कंट्रोल.

१२ डिसेंबर
उद्या निघायचं होतं. चारुलताची बॅग दारात. तिला समजावलं की नवीन व्हॉल्व्ह सोमवारी येताहेत, पंचाहत्तरी काय, वर्षभर असते. तिने बॅगेची चेन लावली. पटलं असावं.

१३ डिसेंबर, सकाळी ६.१०
उशाशी ठेवलेल्या स्क्रीनचा भयंकर अलार्म. कारची चारही चाकं शून्य! एकाच वेळी चार टायर फुटणं अशक्य. म्हणजे डिव्हाइस खराब. कंपनीला खरमरीत मेल लिहायला घेतली आहे.

६.३०
खाली जाऊन आलो. डिव्हाइस बरोबर आहे. कार नाही. बसच्या पायरीवर वाटीत चार सेन्सर, खाली चिठ्ठी: "हवा भरून घेतली. निघते. डबा फ्रीजमध्ये."

मेल डिलीट केली.

दुपारी १
पोचली. वाटेत शिवनीला चहा घेतला म्हणे. टायर? विचारलं. "गोल आहेत," म्हणाली.

१४ डिसेंबर, रविवार, संध्याकाळी
व्हिडिओ कॉल. हॉल भरलेला. ताई पैठणीत. चारुलता शेजारी, हसत होती. इतकी हसताना बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. मला तिथे असायला हवं होतं.

सिस्टिमबद्दल दोन शब्द सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात ताईंनी फोन हातात घेतला. म्हणाल्या, "मार्तंडराव, मोठी गाडी चालवायची भीती वाटत होती तर तसं सांगायचं ना. चारूने कारमध्ये शेजारी बसवून आणलं असतं."

मी म्हटलं, आवाज येत नाहीये.

येत होता.