कांद्याच्या ट्रकची साखळी

९ जाने. ९४, ठाकुर्ली
सकाळी खडवलीपर्यंत सायकल मारून आले. एकटीच. वि. (सासूबाईंसमोर 'हे', इथे विलास पूर्ण लिहायचाही कंटाळा) गोधडीत. म्हणे ताकद राखून ठेवतोय. दोन वर्षं राखतोच आहे. परत येऊन बघते तर वडे हाणतोय, आणि सा.बा. वर अजून एक वाढतायत.

शर्यत पुढच्या आठवड्यावर आली. कल्याणहून मुरबाड, माळशेज चढून ओतूर, अकोल्याकडचे कच्चे रस्ते, घोटी, मग कसारा घाट उतरून परत कल्याण. तीन दिवस. जोड्यांच्या गटात मागून येणाऱ्याची वेळ धरतात. म्हणजे मी कितीही मरमर केली तरी सगळं याच्या ढेरीवर. पहिली येणारी जोडी जूनमध्ये हिमालयातल्या शर्यतीला जाणार. मला जायचंय. लग्नाआधीपासून जायचंय. बस.

२१ जाने., माळशेज, घाटमाथा
शी. लिहायलाही किळस येतेय.

पायथ्याशी मी वि.ला मागे टाकलं. त्याची जीभ बाहेर. म्हटलं गेलं, संपलं, याला वर यायला संध्याकाळ होणार. अर्धा घाट चढले, मांड्या पेटलेल्या, डोळ्यांत घाम. मागून रिकामा कांद्याचा ट्रक आला, डिझेलचा धूर सोडत. त्याच्या फाळक्याची साखळी एका हाताने धरून वि. माझ्या बाजूने वर गेला. पॅडलसुद्धा मारत नव्हता. वर मला सांगतो, "ये, दुसरी साखळी आहे."

नाही धरली. पूर्ण चढले. वर पोचल्यावर ग्लुकोजचं पाणी सगळं ओकले. हा पेरू खात बसलेला. पंचांसमोर माझी पाठ चोळून म्हणाला, दमली बिचारी. तोच हात, काळा ग्रीस लागलेला. माझ्या टी-शर्टवर पाची बोटं उमटलीत.

२२ जाने., राजूरच्या अलीकडे
खडी, धूळ, थंडी. बसायची जागा सोलवटलीय. दिवसभर वि.च्या मागे. चालत्या सायकलवरच नाक शिंकरतो, ते माझ्यावर उडतं. त्याच्या चावण्याचा आवाजही नको वाटतो. पंचांना सांगायला दोनदा गेले, दोनदा परत आले. सांगितलं तर जोडी बाद. जोडी म्हणजे मीही.

२३ जाने., रात्री, घरी
पहिले आलो. थोडक्या फरकाने.

दुसरी आली चेंदणी कोळीवाड्यातली भारती आणि तिचा भाऊ. कसाऱ्याच्या उतारावर पोरीचा गुडघा फुटलेला, तशीच आलेली. रक्ताळलेल्या पायाने येऊन मला मिठी मारली. "ताई, तुमचे मिस्टर कसले चढले गो घाट! आमी दोघं वर आलो तं हे आधीच बसलेले, बघतच रायलो." म्हणजे यांनी ट्रक पाहिला नाही. मी हसले. काय घाण हसले असेन.

२५ जाने.
वि.शी बोलले एकदाचं. मला वाटलं लाजेल. कुठलं काय. सगळेच धरतात म्हणे, तूच एकटी शहाणी. मग शर्टाची बटणं लावत म्हणाला, "नसती धरली तर तू जाणार होतीस का हिमालयात? तुझ्यासाठीच धरली."

खरं आहे, हेच डोक्यात जातंय. वर पोचल्यावर, ओकताना, हा आधीच पोचलाय म्हणून मला आनंद झालेला. याचीच सगळ्यात जास्त शिसारी येतेय.

३० जाने.
सत्यनारायण घातला सा.बां.नी. शर्यतीचा कप चौरंगाशेजारी ठेवलेला, त्यालाही हळदकुंकू. अख्खी बिल्डिंग आलेली. पोराने बायकोला ओढत वर नेलं, असं सा.बा. प्रत्येकीला सांगत होत्या. वि.ने घाट सांगितला. यावेळी त्यात बिबट्या आला. सगळ्यांनी आ वासला. मी शिरा वाढत होते. स्वतःचा द्रोण तसाच ठेवला तर सा.बा. म्हणाल्या, प्रसादाला नाही म्हणू नये. गिळला.

४ फेब्रु.
शाळेत पी.टी.च्या तासाला पोरींना धावायला लावलं. एकीने फेरी पुरी न करता मधूनच मैदान कापलं. मी तिच्यावर एवढी ओरडले की ती रडायला लागली. मग बाथरूममध्ये जाऊन बसले.

घरी आले तर वि. खुशीत. ऑफिसात कुणाचा तरी भाऊ फौजेत आहे, त्याच्याकडून चौकशी करून आला. तिकडच्या खिंडींतून दिवसभर मिलिटरीचे ट्रक वर जात असतात म्हणे. आणि अगदी सावकाश जातात. हे मला त्याने साडी आणल्यासारखं सांगितलं.

६ फेब्रु., रविवार
ओट्यावरच लिहितेय. शर्यतवाले सर आलेत, बाहेर बसलेत. दोघांचा होकार घेऊन आजच नावं पुढे पाठवणार. आपण नाही म्हटलं तर भारती आणि तिचा भाऊ, हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं. बिचारी रोज फोन करते म्हणाले, कुणी गळलं का विचारायला. गुडघा बरा झालाय तिचा.

वि. त्यांना घाट सांगतोय. बिबट्यापर्यंत आलाय.

सा.बा. आत डोकावून गेल्या, चहा झाला का. सरांनीही आवाज दिला, "वहिनी, या ना बाहेर. घाटाचं तुमच्या तोंडून ऐकायचंय."

उकळी आली. चार कप काढलेत. गाळते आणि जाते.