उजवीकडे, खाली

४ सप्टेंबर
आज सकाळी बसवरचे आकडे रंगवायला साचे हवे होते. कपाटातून आमच्या भिंगरीच्या छातीचे दोन जुने एक्स-रे काढले आणि कापले. नेहमीचंच — पुठ्ठा रंगाने भिजतो, फिल्म टिकते. एकातून तीन आणि आठ, दुसऱ्यातून पाच.
संध्याकाळी पोरीला पुन्हा ताप.

५ सप्टेंबर
न्यूमोनिया. वर्षात चौथा! तीनदा तीन डॉक्टर झाले, आता मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई. म्हणाल्या, "आधीचे एक्स-रे आणा. दर वेळी वेगळी जागा असेल, तर अंगातली प्रतिकारशक्तीच कमी आहे का बघू. तीच जागा असेल, तर तिथे काहीतरी अडलंय."
"कापले," मी म्हटलं.
"काय कापले?"
हिने कपाळावर हात मारला. "अहो, लेकीच्या छातीतून बसचे नंबर काढलेत!"
भिंगरी मास्कच्या आतून हसली. "बाबा, कुठली बस?"

६ सप्टेंबर
केराच्या डब्यातून तुकडे वेचले. साच्यांवरचा रंग रॉकेलने पुसला, सगळं फरशीवर जुळवलं. दोन्हींत पांढरा डाग एकाच जागी — उजवीकडे, खाली.
दवाखान्यात नेऊन दाखवलं, तेव्हा बाईंनी विचारलं, "खाताना कधी जोराचा ठसका लागला होता? दाणा, मणी, काही?"
"छे! माझ्या डोळ्यांसमोर असते ती," ही म्हणाली.
मी फिल्मचे तुकडे सारखे करत राहिलो.
"मग आधी क्षयाच्या तपासण्या करू."

७ सप्टेंबर
गेल्या वर्षी ही माहेरी होती. भिंगरी माझ्या कामाच्या खोलीत शेंगदाणे खात बसलेली. मी नाकाला लाल रंग फासून तिला हसवलं. हसता हसता ठसकली, निळी पडली. पाठीत थापट्या मारल्या, तेव्हा श्वास आला. दाणा बाहेर पडलेला काही दिसला नाही. गिळला असेल, म्हटलं. हिला सांगायचं राहिलं — राहिलं कसलं, सांगितलं नाही.
रोज देवापुढे पोरीसाठी हात जोडतो. त्याला काय सांगायचं? त्याला ठाऊकच आहे. सांगायचंय ते दुसरीकडे.

८ सप्टेंबर
पोरीचे केस विंचरताना ही म्हणाली, "माझंच दूध कमी पडलं हो हिला. म्हणूनच अशी नाजूक राहिली."

९ सप्टेंबर
दवाखान्याच्या बाकड्यावर लिहितोय. क्षयाच्या तपासण्या थांबवल्या, उद्या सकाळी श्वासनळीत दुर्बीण घालणार. ही बाकड्याच्या पार दुसऱ्या टोकाला बसली आहे.
सांगितलं मी. बाईंना, हिच्यादेखत, सगळं.